सांगाडा बत्तीसचा, इंजिन कोणत्या सालचं?

जुन्या पद्धतीचा हॉट रॉड बांधायला घेतलेल्या माणसाला बॉडीचा प्रश्न फारसा छळत नाही. मिळेल ती घ्यायची असते. १९३२ ची फोर्ड रोडस्टर मिळाली तर उत्तम, नाहीतर १९२८ ते १९३१ ची मॉडेल ए. खरी पंचाईत होते ती इंजिनाची. चासी स्टँडवर चढवलेली आहे, पुढचा अॅक्सल लागलाय, स्टिअरिंग बसलंय आणि रेडिएटरच्या मागची जागा तेवढी रिकामी आहे, अशा कितीतरी गाड्या अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये वर्षानुवर्षं उभ्या असतात. पैसे संपले हे एक कारण. दुसरं कारण असं, की मालकाचं मनच ठरत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या छंदात इंजिन निवडणं म्हणजे गाडीचं साल निवडणं. बॉडी १९३२ ची असली तरी गाडी १९४० ची, १९५१ ची की १९६२ ची हे इंजिन सांगतं. साल आधी ठरवलं की पर्याय दोन-तीनच उरतात. ताकद किती, खर्च किती, सुटे भाग कुठे मिळतील, हे प्रश्न त्यानंतरचे. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि अडकतात.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. हॉट रॉडचा जन्म दक्षिण कॅलिफोर्नियातला. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटात मुरॉक, रोझमंड, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत, मैलोन् मैल सपाट. तिथे पोरंटोरं जुन्या फोर्ड घेऊन जायची, मडगार्ड, दिवे, पुढची काच असलं सगळं उतरवून ठेवायची आणि गाडी पिटाळायची. संध्याकाळी तेच सगळं पुन्हा चढवून त्याच गाडीने घरी. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली आणि या उद्योगाला शिस्त आली. मुरॉकचं तळं पुढे सैन्याने घेतलं; आजचा एडवर्ड्स हवाई तळ तो हाच. युद्धावरून परतलेल्या मुलांच्या खिशात थोडा पैसा होता आणि यंत्रं खोलायची भीड चेपलेली होती, त्यामुळे १९४५ नंतर हा नाद चांगलाच फोफावला. ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक जानेवारी १९४८ चा. बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर १९४९ पासून स्पीड वीक भरू लागला. आज स्वतःला ‘ट्रॅडिशनल’ म्हणवणारे लोक साधारण १९६५ ही हद्द मानतात. त्यापुढचं काही दिसलं की नाक मुरडतात.

सगळ्यात जुनी वाट चार सिलिंडरची. मॉडेल ए चं इंजिन २०० घनइंचांचं, म्हणजे जेमतेम ३.३ लिटर, आणि ताकद ४० अश्वशक्ती. १९३२ च्या मॉडेल बी मध्ये ती ५० वर गेली. आकडे वाचून हसू येईल, पण फोर्डचं आठ सिलिंडरचं व्ही-एट बाजारात आल्यावरही काही वर्षं तळ्यांवर चार सिलिंडरवालेच पुढे असायचे. कारण साधं आहे. चार सिलिंडरसाठी एड विनफिल्डचे कॅम आणि कार्ब्युरेटर होते, रायली आणि क्रॅगरची वर व्हॉल्व्ह असलेली हेडं होती. व्ही-एटसाठी अजून काहीच तयार नव्हतं. नवीन यंत्रापेक्षा मुरलेलं यंत्र काही काळ भारी पडतं.

आज हे इंजिन निवडणारा माणूस हौशी असतो आणि थोडा हट्टीही. मूळ इंजिनात बेअरिंग म्हणजे बॅबिट धातू वितळवून जागेवर ओतलेला असतो; ते काम करणारे हात कमी होत चाललेत. क्रँकशाफ्टला आधार तीनच ठिकाणी. जोरात पळवलं की मधे लवतो. अलीकडे पाच मेन बेअरिंगांचा नव्याने ओतलेला मॉडेल ए ब्लॉक मिळू लागला आहे, त्यामुळे ही वाट पूर्वीइतकी काटेरी राहिलेली नाही. तासाला ऐंशी-नव्वद किलोमीटरने निवांत जायचं असेल, बॉनेटच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवायच्या असतील आणि फोर्डच्या जुन्या ढाच्याला हात लावायचा नसेल, तर चार सिलिंडरची गाडी फार देखणी होते. एका बाजूला एकच कार्ब्युरेटर, एकच एक्झॉस्ट, बाकी सगळं मोकळं. हायवेवर मात्र ट्रकवाला मागून हॉर्न देणार, हे गृहीत धरायचं.

आता फ्लॅटहेड, म्हणजे फोर्डचं तेच व्ही-एट. इथे थोडं थांबावं लागेल, कारण निम्मा वाद याच्याचभोवती आहे.

१९३२ मध्ये फोर्डने व्ही-एट काढलं तेव्हा हेन्री फोर्ड सत्तरीला टेकला होता. आठ सिलिंडरची इंजिनं त्याआधीही होती, कॅडिलॅकचं तर १९१४ पासून. पण ती पैसेवाल्यांची. फोर्डच्या माणसांनी आठही सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतकामात काढायचं ठरवलं. फाउंड्रीवाल्यांना हा वेडेपणा वाटला, आणि सुरुवातीला फुकट गेलेल्या ब्लॉकांची संख्या पाहता त्यांचं फार चुकलं नव्हतं. पण जमलं, आणि व्ही-एट रोडस्टर ४६० डॉलरला विकता आली. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. दोन वर्षांत ८५ झाली, १९३९ च्या मर्क्युरीत २३९ घनइंच आणि ९५. हे इंजिन अमेरिकेत १९५३ पर्यंत चाललं. एकवीस वर्षांत लाखोंनी बनलं, अपघातात मोडलेल्या गाड्यांतून भंगारात गेलं, आणि तिथून पोरांच्या हाती आलं.

त्याच्या रचनेतच त्याचं दुखणं आहे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी. वर हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मधल्या खोबणीकडे आहेत, पण जळालेला वायू बाहेर पडायचा तो ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाने. म्हणजे तो गरमागरम वायू सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या पोकळीतून काढलेल्या वाटेने पलीकडे जातो. मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच वाट, म्हणून एका बाजूला सिलिंडर चार आणि एक्झॉस्टची तोंडं तीन. जी उष्णता सायलेन्सरमधून निघून जायला हवी, त्यातली बरीच रेडिएटरच्या गळ्यात पडते.

म्हणून ‘फ्लॅटहेड गरम होतंच’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. फोर्डने ही इंजिनं ट्रकांत घातली, टॅक्सींत घातली, युद्धात घातली; ती सगळी रस्त्यात उकळत उभी राहिली असती तर हे इंजिन एकवीस वर्षं टिकलं नसतं. आज जी गरम होतात त्यांच्या पाण्याच्या पोकळ्यांत सत्तर-ऐंशी वर्षांचा गंज असतो, ओतकामाच्या वेळची रेती आणि गाभ्याच्या तारासुद्धा अजून आत असतात. पंप झिजलेले असतात, टायमिंग मागे पडलेलं असतं, आणि वर मालकाने दिसायला छान म्हणून मॉडेल ए चा छोटा रेडिएटर लावलेला असतो. ब्लॉक भट्टीत भाजून, रसायनात बुडवून, तारा ओढून काढून साफ केला, चांगला रेडिएटर दिला, तर फ्लॅटहेड उन्हाळ्यातही गावात फिरतं.

खरी भीती तड्यांची. हे विकत घेताना काय पाहायचं ते नीट सांगतो. विक्रेता पोत्याखालून ब्लॉक काढतो, वर तेलकट काजळी, आणि म्हणतो, काढला तेव्हा चालू होता. हेड काढायला लावायचं. व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडरची कड यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी असते; तिथे केसासारखी रेघ आहे का ते आधी पाहायचं. मग हेडच्या स्टडांची भोकं आणि पाण्याची भोकं यांच्यामधली जागा. मग ब्लॉक उलटा करून तेलाची टाकी जिथे बसते ती कड, कारण थंडीत पाणी गोठलं की ब्लॉक तिथे फुटतो. डोळ्यांना काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं नसतं. चुंबकीय तपासणी आणि पाण्याचा दाब देऊन केलेली परीक्षा झाल्याशिवाय त्या लोखंडाची किंमत भंगाराइतकीच धरायची. लहान तडे पिना मारून शिवता येतात, आणि चांगलं शिवणारे कारागीर अजून आहेत. पण आठ सीटांपैकी पाचांना तडे असतील तर नमस्कार करून पुढे जावं.

साल ओळखायला हेडवरून पाणी कुठून बाहेर पडतं ते पाहायचं. १९३६ पर्यंत पंप हेडांच्या पुढच्या टोकाला होते. १९३७ मध्ये ते खाली ब्लॉकवर गेले आणि हेडवरचं पाण्याचं तोंड मध्यभागी आलं. १९४९ पासून ते पुढे सरकलं. १९३८ पर्यंत एका हेडला २१ स्टड, मग २४. युद्धानंतरचा ५९ए म्हणून ओळखला जाणारा ब्लॉक सर्वांत लाडका: २३९ घनइंच, क्लचच्या घराचा अर्धा भाग ब्लॉकबरोबरच ओतलेला, त्यामुळे जुन्या फोर्ड गिअरबॉक्सला बिनबोभाट जुळतो. १९४९ ते १९५३ चा ८बीए ब्लॉक थंड ठेवायला सोपा आणि डिस्ट्रिब्युटर सुधारलेला, पण दिसायला तितका ‘तळ्यावरचा’ नाही, असं जुने जाणते म्हणतात. त्यांचं ऐकावं.

ताकद वाढवायचा जुना नुस्खा ठरलेला आहे. १९४९ नंतरच्या मर्क्युरीचा चार इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट घालायचा, बोअर तीन पूर्णांक पाच सोळांश इंचावर न्यायचं, की २७६ घनइंच होतात. वर अॅल्युमिनियमची हेडं, एडलब्रॉक किंवा ऑफेनहाउझरचं मॅनिफोल्ड, त्यावर स्ट्रॉमबर्गचे दोन किंवा तीन ‘९७’ कार्ब्युरेटर, आत इस्केंडेरियनचा कॅम. व्हिक एडलब्रॉक आठवडाभर जी १९३२ ची रोडस्टर शहरात चालवायचा तीच सुट्टीला तळ्यावर पळवायचा. त्या गाडीवरच्या प्रयोगांतून त्याच्या मॅनिफोल्डचा धंदा उभा राहिला. ‘९७’ हा आकडा कार्ब्युरेटरच्या गळ्याचा, ०.९७ इंचाचा. मूळ कार्ब्युरेटर १९३६ ते १९३८ च्या फोर्डवरचे. आज इंग्लंडमधली एक कंपनी ते नव्याने बनवते आणि जुने झिजलेले घेण्यापेक्षा नवे बरे.

पण फ्लॅटहेडमध्ये एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं. व्हॉल्व्हमधून आलेलं मिश्रण वर चढून, हेडखालून आडवं सरकून सिलिंडरमध्ये उतरतं. दाब वाढवायला हेडची पोकळी कमी केली तर ही वाटच चिंचोळी होते. वाट मोकळी करायला व्हॉल्व्ह आणि बोअर यांच्यामधलं लोखंड खरवडलं तर दाब कमी होतो. त्या काळातले तज्ज्ञ या खरवडण्यावरून एकमेकांशी भांडत, आणि आजही दोन फ्लॅटहेडवाले एका टेबलावर बसले की हाच विषय निघतो. सगळं करून, भरपूर पैसे ओतून, रस्त्यावर चालवण्याजोगं फ्लॅटहेड साधारण दीडशे-पावणेदोनशे अश्वशक्ती देतं. १९५७ च्या शेव्हरोलेचं २८३ घनइंची इंजिन चार गळ्यांच्या कार्ब्युरेटरसह कारखान्यातूनच २२० घेऊन येत असे. हिशेब इतका उघड आहे, की फ्लॅटहेड घेणाऱ्याने ताकदीचं कारण पुढे करूच नये.

या मर्यादेवर एक देखणा उपाय निघाला होता. झोरा आर्कस-डंटोव्ह आणि त्याचा भाऊ युरा यांनी १९४७ च्या सुमारास फ्लॅटहेडवर बसणारी, वर व्हॉल्व्ह असलेली अर्धगोल पोकळीची अॅल्युमिनियम हेडं काढली: आर्डन. मूळ उद्देश ट्रकांचं गरम होणं थांबवणं हा. ती फार थोडी विकली गेली. झोरा पुढे जनरल मोटर्समध्ये गेला आणि कॉर्व्हेटचा सर्वेसर्वा झाला. आज मूळ आर्डन हेड म्हणजे सराफाच्या दुकानातली गोष्ट. नवी प्रतही मिळते, तीही स्वस्त नाही.

फ्लॅटहेड निवडायचं ते त्याच्या आवाजासाठी, त्या सपाट हेडांवरच्या स्टडांच्या रांगांसाठी आणि १९३२ च्या फोर्डमध्ये ते जसं बसतं तसं दुसरं काहीच बसत नाही, म्हणून. या शेवटच्या मुद्द्याकडे पुन्हा येतो.

१९४९ साली जनरल मोटर्सने एकाच वर्षात दोन बाँब टाकले. ओल्ड्समोबिलचं रॉकेट, ३०३ घनइंच, १३५ अश्वशक्ती. आणि कॅडिलॅकचं ३३१ घनइंच, १६०. दोन्हींमध्ये व्हॉल्व्ह वर. त्याच वर्षी फोर्डचं फ्लॅटहेड १०० देत होतं. दोन-तीन वर्षांत ही इंजिनं भंगारात दिसू लागली आणि पोरांनी फोर्डचं इंजिन उचकटून फेकायला मागेपुढे पाहिलं नाही. १९५१ मध्ये क्रायस्लरचं हेमी आलं: ३३१ घनइंच, १८० अश्वशक्ती, अर्धगोल पोकळी, आणि व्हॉल्व्ह झाकणाच्या मधोमध घुसलेले स्पार्क प्लग. १९५७-५८ चं ३९२ घनइंची हेमी ड्रॅग शर्यतींत साठीच्या दशकातही राज्य करत होतं.

हेमी दिसतं जबरदस्त. पण ते रुंद आहे आणि अवजड आहे. मॉडेल ए च्या सडपातळ चासीत घातलं की स्टिअरिंगचा डबा आणि एक्झॉस्ट यांची मारामारी होते आणि पुढचा अॅक्सल वाकून सलाम करतो. शिवाय सुरुवातीच्या वर्षांच्या क्रायस्लर ब्लॉकला मागे क्लचचं घर लांबलचक ओतलेलं असतं. ते गिअरबॉक्सला जोडताना डोकं खातं. हेमीच हवं असेल तर डॉजचं २४१ किंवा डेसोटोचं २७६ पाहावं. धाकटी भावंडं आहेत, चेहरा तोच आणि अंगाने आटोपशीर. ओल्ड्स आणि कॅडिलॅक यांत मी कॅडिलॅक घेईन. नॉर्म ग्रॅबोव्स्कीने ते मॉडेल टी मध्ये घातलं आणि ती गाडी ‘७७ सनसेट स्ट्रिप’ या टीव्ही मालिकेतून घराघरांत पोचली. फोर्डचं स्वतःचं उत्तर, १९५४ चं वाय-ब्लॉक, फोर्डमध्ये फोर्डच असा हट्ट असणाऱ्यांसाठी ठीक. वरच्या रॉकरना तेल पोचत नाही ही त्याची जुनी तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

या घोळक्यात मला सगळ्यात आवडतं ते ब्यूइकचं नेलहेड. १९५३ ते १९६६. २६४ घनइंचांपासून ४२५ पर्यंत. व्हॉल्व्ह उभे आणि बारके, म्हणून वरच्या फेऱ्यांना श्वास पुरत नाही. पण खालून ओढ अशी, की ४०१ घनइंची इंजिनाच्या एअर क्लिनरवर कंपनीने घनइंच न लिहिता टॉर्कचा आकडाच छापला होता: ४४५. उभ्या व्हॉल्व्हमुळे हेडं बाहेर पसरत नाहीत, झाकणं आडवी आणि वर तोंड केलेली राहतात, इंजिन मोठं असून अरुंद दिसतं. हलक्या मॉडेल ए ला वरच्या फेऱ्यांची गरजही नसते. टॉमी आयव्होने चार नेलहेड एका ड्रॅगस्टरमध्ये जोडले होते, तो चक्रमपणा सोडा, एकच पुरे. सुटे भाग शेव्हरोलेसारखे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, पण मिळतात.

आणि मग १९५५. शेव्हरोलेचं स्मॉल-ब्लॉक. २६५ घनइंच, १६२ अश्वशक्ती, पत्र्यातून ठोकून काढलेले रॉकर, पातळ भिंतींचं ओतकाम. कंपनीच्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षाही वजनाला कमी. १९५७ मध्ये २८३, १९६२ मध्ये ३२७, १९६७ मध्ये ३५०. या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन २०११ मध्ये बाहेर पडलं. इतकं स्वस्त, इतकं सोशिक आणि इतकं सर्वत्र मिळणारं दुसरं व्ही-एट झालं नाही, आणि नेमकी हीच त्याच्याविरुद्धची तक्रार आहे. कुठल्याही मेळाव्यात बॉनेट उघडा, आत तेच. ‘अमेरिकन ग्राफिटी’ या सिनेमातली पिवळी १९३२ ची कूपसुद्धा शेव्हरोलेच्याच जिवावर पळते.

कंटाळा समजू शकतो. पण ते ‘ट्रॅडिशनल’ नाही असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. १९६० साली हॉट रॉड बांधणाऱ्या मुलाने हेच घेतलं असतं. अट एकच: ते त्या सालचं दिसलं पाहिजे. आणि इथे बारकाव्यांना किंमत आहे. १९५९ पर्यंतच्या हेडांवर व्हॉल्व्ह झाकणांचे वरचे-खालचे बोल्ट एकमेकांसमोर येत नाहीत, तिरके पडतात. १९६० पासून सरळ झाले. १९६९ च्या आधीच्या हेडांच्या टोकांना ब्रॅकेटसाठी भोकं नाहीत, टोकं कोरी. पाण्याचा पंप आखूड. तेल ओतायची नळी मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाला उभी. एवढं असलं, वर जनरेटर असला आणि काळा रबरी पट्टा एकच असला, की जाणकार मान डोलावतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरचं ३५० आणून त्यावर जुन्या धाटणीची झाकणं लावली तर मधल्या ओळीतले बोल्ट लगेच चुगली करतात. तेव्हा स्मॉल-ब्लॉकच घ्यायचं तर शोधून २८३ घ्यावं. गोडीने फिरतं, फेऱ्या आनंदाने घेतं, आणि अजून ३२७ इतकं महाग झालेलं नाही.

इंजिन ठरलं की बाकीची गाडी त्याच्यामागे फरपटत येते, आणि खरे पैसे तिथे जातात. फ्लॅटहेडचा डिस्ट्रिब्युटर पुढे आहे, त्यामुळे १९३२ च्या फोर्डची फायरवॉल त्याला चिकटून बसते. कॅडिलॅक, ओल्ड्स, शेव्हरोले यांचा डिस्ट्रिब्युटर मागे. म्हणजे एकतर फायरवॉल कापायची, नाहीतर इंजिन पुढे सरकवायचं. पुढे सरकवलं की पंखा रेडिएटरला घासतो. न कापलेली मूळ १९३२ ची फायरवॉल आता दुर्मीळ झाली आहे. हातात तशी गाडी आली असेल तर तिच्यावर कटर फिरवायच्या आधी दहा वेळा विचार करा, आणि दहाव्या वेळी फ्लॅटहेड घ्या.

गिअरबॉक्सचं तसंच. १९३९ च्या फोर्डचा तीन गिअरचा डबा फ्लॅटहेडमागे आयुष्यभर चालतो. ओल्ड्सच्या टॉर्कपुढे त्याचे दात झडतात. त्या काळातली मुलं म्हणूनच १९३७ ते १९४० च्या लासालचा मजबूत डबा शोधत फिरायची. आज बरेच जण पाच गिअरचा टी-५ डबा आत दडवतात आणि वर जुनी दांडी लावतात. मला त्यात काही पाप दिसत नाही, हायवेवर इंजिन ओरडत नाही एवढाच फरक. ब्रेकवर मात्र तडजोड नको. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये दिले; त्याआधीचे दांड्यांवर चालणारे ब्रेक ६५ अश्वशक्तीलाही जेमतेम पुरत होते. कॅडिलॅकचं इंजिन आणि दांड्यांचे ब्रेक अशी गाडी कुणी चालवायला दिली तर किल्ली परत करावी.

आता या सगळ्या वादाच्या मुळाशी असलेली एक गंमत. ज्यांना आपण परंपरेचे जनक म्हणतो त्या पोरांना परंपरेचं काडीचंही पडलेलं नव्हतं. त्यांना भंगारवाल्याकडे जे सगळ्यात ताजं आणि सगळ्यात स्वस्त मिळेल ते हवं असायचं. १९४१ मध्ये ते फ्लॅटहेड होतं, १९५२ मध्ये ओल्ड्स, १९५८ मध्ये शेव्हरोले. तोच न्याय आज लावला तर उत्तर जनरल मोटर्सच्या १९९७ पासूनच्या एलएस इंजिनांवर येतं: मोडक्या पिकअपमधून काढलेलं, तीनशेच्या आसपास अश्वशक्तीचं, शंभर दिवस उभं राहिलं तरी पहिल्या चावीला सुरू होणारं. युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही १९३२ च्या रोडस्टरमध्ये प्लास्टिकचं मॅनिफोल्ड आणि वायरींचं जंजाळ पाहवत नाही. या छंदात जुन्या मुलांच्या विचारपद्धतीपेक्षा त्यांच्या हाताला लागलेल्या वस्तूंवर प्रेम करावं लागतं. विसंगती आहे, आणि ती मान्य करून पुढे गेलेलं बरं.

आपल्याकडे या विषयाचा धागा पोचतो तो मूळ गाड्यांपुरता. फोर्ड मोटर कंपनी ऑफ इंडिया १९२६ मध्ये उभी राहिली आणि मुंबईत गाड्यांची जुळणी होऊ लागली; जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ चा. दुसऱ्या महायुद्धात भारतात बनलेली ‘टाटानगर’ चिलखती गाडी कॅनडाच्या फोर्ड चासीवर बेतलेली, आत हेच फ्लॅटहेड. मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत आजही एखादी फोर्ड व्ही-एट दिसते. पण तिचा हॉट रॉड करायला जाऊ नका. नोंदणीत लिहिलेल्या रचनेत मनमानी बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. आणि २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना जी वेगळी ‘व्हीए’ नोंदणी दिली, तिची अटच गाडी मूळ स्वरूपात असण्याची आहे. फ्लॅटहेड बदलून शेव्हरोले घातलं की ती गेली. परदेशात राहणारे आपले हौशी लोक हा नाद करतात, त्यांना ही अडचण नाही. कॅलिफोर्नियात तर १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतूनही सूट आहे.

आता निकाल सांगतो. १९३२ ची रोडस्टर, फायरवॉल शाबूत: ५९ए फ्लॅटहेड, दोन ‘९७’, १९३९ चा डबा. मॉडेल ए कूप किंवा रोडस्टर, आणि खिशात दोन पैसे जास्त: ३२२ घनइंची नेलहेड. गाडी दर रविवारी बायकोमुलांना घेऊन दीडशे किलोमीटर न्यायची असेल: २८३, कोऱ्या टोकांच्या हेडांसह. हेमी प्रदर्शनासाठी, चार सिलिंडर म्हाताऱ्या मनाच्या तरुणांसाठी. आणि कुठलंही घ्या, ब्लॉकची दाब-चाचणी झाल्याशिवाय विक्रेत्याच्या हातावर एक डॉलरही ठेवू नका.